हत्थेवाली खुर्ची

ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुली मला विचारतात, मॅडम, सुरुवातीला काय सांभाळायचं? मी सांगते, साहेब कसा आहे, बाबू कसे आहेत ते आठवड्याभरात कळतंच. पहिल्या दिवशी फक्त एवढं कर: खुर्चीत पार मागे टेकून बस आणि पाय जमिनीला लागतात का बघ. लोंबकळत असतील तर त्याच दिवशी बोल. मुली हसतात. त्यांना वाटतं, इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मॅडमनं काहीतरी मोठं सांगावं. मला याहून मोठं काही ठाऊक नाही. मी स्वतः चार महिन्यांनी बोलले, आणि तेव्हा मला ऐकावं लागलं, "इतने दिन से तो चल रहा था!"

मी बडनगरची. बाबा सुतार. बैलगाडीची चाकं, दाराच्या चौकटी, शाळेची बाकं असं त्यांचं काम. मी ज्या बाकावर बसून शिकले ते बाक बाबांनीच केलेलं होतं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी.ए. झाले, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला, आणि उज्जैनला फ्रीगंजमधल्या एका सरकारी कार्यालयात डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून लागले. दोन वर्षं परिवीक्षा, म्हणजे काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरी. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. आमच्या शाळेचे मास्तर सायकलवरून घरी आले आणि मला नमस्कारही करू न देता म्हणाले, "आता मान खाली घालून काम कर." मी कृतज्ञ होते, आजही आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात मला सगळ्यांनी एकच ऐकवलं, की पोरगी कृतघ्न आहे.

ती वर्षं अशी होती की रोज काहीतरी नवं येत होतं. चौकाचौकात एसटीडीचे बूथ, घरोघरी केबल, आणि आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर. त्याच्यासाठी जुन्या फायलींची एक खोली रिकामी केली. खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवला, एसी बसवला, दाराबाहेर चपला काढण्याची पाटी लावली. मशीन आलं त्या दिवशी नारळ फुटला आणि मॉनिटरला कुंकू लागलं. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, त्यांनी भैरवगढच्या छपाईचं कापड आणून मशीनला झाकण शिवून घेतलं. नवं टेबल आलं. खुर्ची आली नाही. खरेदीची यादी मशीनला लागणाऱ्या वस्तूंची होती, आणि मशीन बसत नाही.

मला जुन्या सामानातली एक खुर्ची मिळाली. वेताची जाळी फाटलेली, वर फळी टाकलेली. माझी उंची पावणेपाच फूट. पाय जमिनीपासून चार बोटं वर राहत. टेबल उंच, त्यामुळं टाइप करताना खांदे कानापर्यंत चढत. ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या पुरुषांच्या मापाच्या होत्या. बायका येतील असं त्या बनवणाऱ्याच्या डोक्यातच नसणार. मी एक उपाय केला. कोपऱ्यात पडलेला जुन्या फायलींचा लाल फडक्यातला एक बस्ता पायाखाली घेतला.

बडे बाबू दारातच थबकले. "अरे राम राम! विद्या पे पाँव?"

"नमस्कार करके रखती हूँ, बाबूजी."

"नमस्कार करके भी पाँव तो पाँव ही है!"

बस्ता परत फळीवर गेला. त्यांचं म्हणणं मला पटतही होतं. कागदाला चुकून पाय लागला तर माझाही हात आपोआप डोळ्यांकडं जातो. पण फायलींना मान मिळाला आणि माझे पाय पुन्हा लोंबायला लागले. चार महिन्यांत मान आखडली, उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. खोलीवर गेल्यावर कणीक मळता येईना. तेव्हा मी अर्ज लिहिला: टेबलाच्या उंचीला जुळेल अशी एक खुर्ची आणि पाय ठेवायला पाट. आठ दिवसांनी अर्ज शेरा मारून परत आला, "माँग उचित नहीं. ए.सी. कक्ष उपलब्ध है."

मग छोट्या साहेबांनी बोलावलं. हे आमचे दुय्यम अधिकारी, उज्जैनच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांच्या पूर्वजांनी दरबारात कारकुनी केली होती, आणि ते कुणी विसरू नये अशी त्यांची इच्छा असे.

"हे बघ, तू आपल्यातली म्हणून सांगतो. तुझे वडील दिवसभर उकिडवे बसून रंधा मारतात ना? आणि तुझी एसीत बसून पाठ दुखते?"

"बाबा काम करतात तो ठोकळा त्यांच्या गुडघ्याच्या मापाचा आहे, साहेब. दुसऱ्याच्या ठोकळ्यावर ते रंधा धरत नाहीत."

"बोलतेस छान," ते म्हणाले. "एवढीच टाइपही करत जा."

बाबा एकदा दाराचे कब्जे आणि स्क्रू घ्यायला उज्जैनला आले आणि मला भेटायला ऑफिसात आले. चपला बाहेर काढून, हात मागे बांधून ते कॉम्प्युटरच्या खोलीत उभे राहिले. मला वाटलं मशीन बघतील. ते वाकून टेबलाखाली बघत होते.

"पाय कुठं ठेवतेस, बेटा?"

"असेच."

"असेच म्हणजे? दिवसभर?"

"हो, बाबा."

"अरे, बैलगाडी हाकणाऱ्यालासुद्धा आम्ही पाय टेकायला फळी ठोकतो."

त्यांनी खिशातून सुतळी काढली. बाबा मापं कागदावर लिहीत नसत, सुतळीला गाठी मारत. तळव्यापासून गुडघ्यापर्यंत एक गाठ, गुडघ्यापासून कमरेपर्यंत एक, बसल्यावर कोपर जिथं येतं तिथं एक. मग टेबलाची उंची. सुतळी खिशात घालून ते गेले. मशीनबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

महिन्याभरानं बडनगरच्या बसच्या टपावरून खुर्ची देवास गेटला उतरली. तिथून हातठेल्यावर पूल ओलांडून फ्रीगंजला. सागाची, साधी, बसायला सुती पट्ट्यांची निवार विणलेली, म्हणजे घाम आला तरी हवा खेळावी. टेबल उंच म्हणून बैठकही उंच, आणि पुढच्या दोन पायांमध्ये पाय ठेवायला फळी. पाठ जिथं दुखते नेमक्या तिथं मागची पट्टी. आणि दोन्ही बाजूंना हात, कोपर टेकायला.

शिपाई म्हणाला, "मैडम, शादी का सामान गलत पते पे आ गया?"

बडे बाबू बाहेर आले. "लो, महारानी का सिंहासन आ गया!" मग त्यांची नजर हातांवर गेली आणि हसू गेलं. "ये हत्थे कटवा दो."

आमच्याकडं तसा दस्तूर होता. हात असलेली खुर्ची अधिकाऱ्याची, पाठीवर टॉवेल टाकलेली. बाबूची खुर्ची बिनहाताची. कुठं लिहिलेलं कुणी दाखवलं नाही, पण वीस वर्षं नोकरी झालेला बाबूही चुकून तशा खुर्चीत टेकत नसे.

"हत्थे कटवा दूँ तो कोहनी कहाँ रखूँ, बाबूजी?"

"जहाँ हम रखते हैं."

"आपकी कहाँ रहती है?"

त्यांनी आपल्या कोपरांकडं बघितलं. दोन्ही कोपरं त्यांनी पोटाशी धरलेली होती. "निजी वस्तु है," मी म्हटलं, "हत्थे भी निजी हैं." आणि बसले. तीन आठवड्यांत बोटांच्या मुंग्या गेल्या. जेवणाच्या सुट्टीत एकेक बाबू "जरा देखें तो" म्हणत येऊन बसून जाई.

एकदा बसायला शिकल्यावर बाकीचंही सुधरवलं. डोळे जळत, म्हणून खिडकीच्या काळ्या कागदाला पोस्टकार्डाएवढं भोक पाडलं. तासातासानं त्यातून पुलावरचे टेम्पो बघत बसे. लांबचं काहीतरी बघायचं, एवढंच. "धूप से मशीन खराब होगी!" "पोस्टकार्ड जितनी धूप से, बाबूजी?" पाणी शिपायाकडून मागवणं बंद केलं. माठापर्यंत स्वतः चालत जाई. माझ्या फेऱ्या मोजल्या जात. मोजू देत, असं मी ठरवलं. मुलींनो, पाणी स्वतः उठून प्या. कुणी मोजत असेल तर दोन फेऱ्या जास्त मारा.

मार्चचं काम आमच्याकडं जूनमध्ये होई. वर्षातून एकदा ऑफिसातलं सगळं सामान मोजायचं, रजिस्टराशी ताडून बघायचं, आणि ज्या वस्तूवरचा नंबर पुसट झाला असेल तो पांढऱ्या रंगानं पुन्हा घालायचा. त्या वर्षी नेमकी तेव्हा मी मावसभावाच्या लग्नाला तीन दिवस रजेवर होते. परत आले तर माझ्या जागी ती फळी टाकलेली खुर्ची. माझी खुर्ची छोट्या साहेबांच्या खोलीत होती, पाठीवर टॉवेल. टॉवेल उचलून बघितला. पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिलं होतं, ११२.

शिपायानं हळूच सांगितलं. "रजिस्टर में कुर्सी एक सौ बारह. गिनी तो एक सौ ग्यारह. बड़े बाबू बोले, वो अंदर वाली गिनी क्या? बस, हो गई पूरी."

"और असली एक सौ बारह?"

तो छताकडं बघायला लागला. सगळ्यांना ठाऊक होतं. आधीच्या साहेबांच्या बंगल्यावर ती गेली होती आणि त्यांच्या सामानाबरोबर त्यांच्या बदलीच्या गावी.

मी बडे बाबूंकडं गेले. ते चिडले नाहीत, उलट मऊ झाले. "भूल हो गई होगी, बेटा. पर रजिस्टर में चढ़ गई तो चढ़ गई. अब निर्लेखन के बिना नहीं उतरेगी." निर्लेखन म्हणजे निकामी वस्तूची नोंद रजिस्टरातून काढणं.

"निर्लेखन कब होता है?"

"जब टूट जाए."

आणि सरकारी झाली म्हटल्यावर, हात असलेली खुर्ची अधिकाऱ्याच्याच खोलीत जाणार. छोटे साहेब म्हणाले, "अगं, माझ्याकडं आहे म्हणजे तुझ्या वडिलांच्या कामाचा मानच झाला की!" असं म्हणताना ते एका कुशीवर बसले होते. चांगले सहा फुटी माणूस, आणि ती खुर्ची माझ्या मापाची. गुडघे टेबलाला अडकत होते, पण खुर्चीचे हात सोडवत नव्हते.

श्रावणाला तीन आठवडे होते. श्रावणी सोमवारी महाकालाच्या सवारीला बाबा दरवर्षी येत. या वर्षी त्यांनी निरोप पाठवला होता, निवार सैल झाली असेल, ऑफिसात येऊन ओढून देतो. मला तेच दिसत होतं: बाबा सुतळी खिशात घालून दारात उभे आहेत, आणि मी फळीवर बसलेय, पाय लोंबतायत. माझी पाठ मी सहन केली असती. बाबांना ते बघावं लागणं मला मान्य नव्हतं. त्यांना द्यायला माझ्याकडं दोनच उत्तरं होती, खुर्ची माझी आहे किंवा ती माझ्याकडून घेतली. दुसरं मला द्यायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात ते रजिस्टर माझ्याकडं आलं, कॉम्प्युटरवर चढवायला. पंखे, कपाटं, घड्याळं, माठ. खुर्च्यांवर आले. एकशे अकरा नोंदी जशाच्या तशा टाइप केल्या. एकशे बारावीपाशी थांबले. परिवीक्षेचे अजून चौदा महिने बाकी होते. मी लिहिलं: "कुर्सी, सागौन, हत्थे वाली, एक. निजी. कार्यालय की नहीं." खाली बेरीज मशीननं केली: कार्यालयाच्या खुर्च्या एकशे अकरा. प्रिंटरनं करकरत लांब कागद काढला आणि तो मी सहीला पाठवला.

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. हे नवे आलेले, कमी बोलणारे.

"बड़े बाबू, कंप्यूटर में एक कुर्सी कम आ रही है."

बडे बाबू पांढरे पडले. त्या काळी मशीन चुकतं यावर कुणाचाच विश्वास नव्हता, आणि कुंकू लावलेल्या मशीनवर अविश्वास दाखवणं तर त्यांना पापच वाटलं असतं. "सर, अगर कंप्यूटर कह रहा है, तो... तो कुछ सोच के ही..."

मी गप्प बसले असते तर मशीनच्या शब्दावर खुर्ची सुटली असती. पण मला ती मशीनच्या शब्दावर नको होती.

"सर, कंप्यूटर ने कुछ नहीं कहा. मैंने लिखा है."

"किसके कहने से?"

"किसी के नहीं. कुर्सी मेरे पिताजी ने मेरे नाप से बनाई है."

"इसे अनुशासनहीनता कहते हैं, मालूम है?"

"मालूम है, सर. गलत गिनती लिखती तो उसे भी कहते."

छोटे साहेब मराठीत पुटपुटले, "अगं, गप्प बस ना!" मी बसले नाही.

मोठे साहेब उठले. खुर्ची कॉम्प्युटरच्या खोलीत आणवली. आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या. साहेब स्वतः बसून बघायला लागले. फळीवर पाय ठेवताच त्यांचे गुडघे टेबलावर खालून आदळले, मॉनिटर हलला, बडे बाबू झाकणासकट मशीन धरायला धावले. साहेब उठले, कंबर चोळली, आणि मला म्हणाले, "आप बैठिए."

तीन पुरुष उभे आणि मी बसायचं. मी कधी साहेबांसमोर त्यांनी दोनदा सांगितल्याशिवाय बसले नव्हते. त्या दिवशी पहिल्याच सांगण्याला बसले. पार मागे टेकून. पाय फळीवर, कोपरं हातांवर, बोटं कळांवर.

"कुर्सी यहीं रहेगी," साहेब म्हणाले.

"पर सर, रजिस्टर..."

"रजिस्टर देखेंगे."

रजिस्टर कुणी बघितलं नाही. माझी यादी पुन्हा टाइप करायला आली नाही, आणि रजिस्टरातली एकशे बारावी नोंदही कुणी खोडली नाही. पुढं माझी परिवीक्षा सहा महिन्यांनी वाढवली. कारण लिहिलेलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. खुर्चीत बसून मी ते सहा महिने काढले.

सोमवारी सवारीआधी बाबा आले तेव्हा जेवणाची सुट्टी होती, आणि मी फुटक्या काचेच्या तुकड्यानं खुर्चीच्या पाठीवरचा नंबर खरवडत होते. लहानपणी त्यांना काचेनं लाकूड साफ करताना बघितलं होतं.

"हे काय?"

मी सगळं सांगितलं. थोडक्यात, उभ्या उभ्या. बाबा खुर्चीपाशी बसले आणि खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"आडवा हात चालवलास. लाकडाच्या रेषेनं चालवायचा. ओरखडे पाडून ठेवलेस सगळे."

त्यांनी काच माझ्या हातातून घेतली. तेवढ्यात बडे बाबू दारात आले. "अरे भाईसाहब, ये शासकीय अंक है! मिटा नहीं सकते!"

बाबांनी मान वर करून त्यांना नमस्कार केला. नंतर मान खाली घालून काम करत राहिले. उरलेला २ गेला. जमिनीवर पडलेला पांढरा चुरा त्यांनी बोटानं गोळा केला, एका रद्दी कागदात पुडी बांधली आणि उठून बडे बाबूंच्या हातात दिली.

"रंग आपका है, साहब. रख लीजिए."

बडे बाबू पुडी घेऊन उभे राहिले. कुठल्या रजिस्टरात चढवावी हे त्यांना सुचत नसावं. बाबांनी निवार ओढली, गाठ मारली, तळहातानं दोनदा थोपटून बघितली.

"पॉलिश मारून देऊ का तिथं? ओरखडे दिसतायत."

"नको," मी म्हटलं.

बाबा सवारी बघायला गेले. सुट्टी संपायला दहा मिनिटं होती, पण मी बसले आणि काम सुरू केलं.